समई शांत करा, फ्रिजचा गॅस भरायचाय!

मे महिन्यातली गोष्ट. मी वाईला आईकडे गेलो होतो. सोबत माझी भाची, नुकतीच सहावीत गेलेली. दुपारी तिने आमरसाचं पातेलं बाहेर काढलं, बोट बुडवलं आणि ओरडली, "मामा, रस कोमट आहे!" बर्फाचा कप्पा उघडला, तर ट्रेमध्ये पाणी डुचमळत होतं. फ्रिज चालू होता, आत दिवा लागत होता, मागे घूंऽऽ आवाजही येत होता. गारवा मात्र पळून गेला होता.

फ्रिज दुरुस्त करणारा दादा संध्याकाळी आला. त्याने कॉम्प्रेसरला हात लावला, एका नळीला कान लावला आणि म्हणाला, "मावशी, गॅस गेलाय. लीक आहे कुठेतरी." मग पिशवी उघडायच्या आधी त्याने घरभर नजर फिरवली. शेगडी बंद आहे ना, विचारलं. स्वयंपाकघराच्या दोन्ही खिडक्या उघडल्या. आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे, तिकडे बघून थोडा संकोचला आणि म्हणाला, "मावशी, काम होईपर्यंत समई शांत करता का? आणि ती उदबत्तीपण."

आईने हळद-कुंकवाच्या करंड्याशेजारची पळी उचलली आणि ज्योत हलकेच मालवली. भाचीच्या डोळ्यांत मात्र शंभर प्रश्न पेटले. फ्रिज म्हणजे थंड वस्तू. थंड वस्तूला दिव्याची भीती कशाची?

दोस्तांनो, त्या संध्याकाळी एकेक प्रश्न सुटत गेला तसतसं मला कळत गेलं, की मालवलेल्या ज्योतीची ही गोष्ट जवळपास शंभर वर्षं जुनी आहे. आणि तिची सुरुवातसुद्धा एका मालवलेल्या ज्योतीनेच झाली होती! पण आधी फ्रिजच्या पोटात डोकावू.

हातावर सॅनिटायझर घेतलंत की कसं गार वाटतं? सॅनिटायझर गार नसतं. ते वाळताना, म्हणजे द्रवाची वाफ होताना, तुमच्या हाताची उष्णता घेऊन जातं. माठही हेच करतो. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं आणि जाता जाता आतल्या पाण्याची उष्णता नेतं. फ्रिज म्हणजे असा माठ, ज्यातलं 'पाझरलेलं पाणी' वाया जात नाही. नळ्यांमध्ये एक द्रव असतो. तो बर्फाच्या कप्प्याजवळ उकळून वायू होतो. हो, उकळतो! आपलं पाणी १०० अंशांना उकळतं, हा पठ्ठ्या शून्याच्याही खाली उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो आमरसाकडून ओढून घेतो. मग कॉम्प्रेसर त्या वायूला दाबतो. दाबलं की तो तापतो, आणलेली उष्णता बाहेरच्या हवेत टाकतो, पुन्हा द्रव होतो आणि पुन्हा आत जातो. म्हणून तर चालू फ्रिजच्या बाजूच्या भिंतीला हात लावला की ऊब लागते. ती आमरसातून काढलेली ऊब!

एवढंच. पण सगळं अडतं त्या द्रवावर. तो कमी तापमानाला उकळायला हवा, दाबल्यावर पुन्हा द्रव व्हायला हवा, नळ्या खाऊन टाकणारा नको आणि लीक झाला तर घरातल्या माणसांना इजा करणारा नको. या शेवटच्या अटीने माणसाला फार रडवलं.

पहिल्या फ्रिजांमध्ये अमोनिया असायचा, नाहीतर सल्फर डायऑक्साइड, नाहीतर मिथाइल क्लोराइड. तिन्ही विषारी. रात्री नळी फुटली तर माणसं झोपेतच जायची. बर्लिनमध्ये एक अख्खं कुटुंब, मुलांसकट, असंच गेल्याची बातमी आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी वाचली आणि ते फार हळहळले, असं सांगतात. हो, तेच आइन्स्टाइन! त्यांनी आपले तरुण मित्र लिओ झिलार्ड यांच्यासोबत, फिरणारे भागच नसलेला आणि म्हणून गळणार नाही असा फ्रिज शोधला. १९३० साली त्याचं अमेरिकी पेटंटही मिळालं. तो फ्रिज काही घरोघरी पोचला नाही. कारण त्याच सुमारास अमेरिकेत दुसराच एक रस्ता सापडला होता.

थॉमस मिजली नावाच्या अमेरिकी संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९२८ मध्ये फ्रिजसाठी एक वेगळा वायू तयार केला. विषारी नाही, पेटत नाही, वास नाही, नळ्या गंजवत नाही. १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत तो दाखवताना मिजलीने काय केलं असेल? त्याने तो वायू चक्क छातीत भरून घेतला आणि समोरच्या पेटत्या मेणबत्तीवर हळूच सोडला. मेणबत्ती विझली. सभेला दोन गोष्टी एका फुंकरीत कळल्या: माणूस मरत नाही आणि आग लागत नाही. (तुम्ही कुठलाही वायू असा ओढायचा नाही हं, कधीच नाही!)

हा वायू म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, थोडक्यात सीएफसी. बाजारात तो 'फ्रिऑन' या नावाने आला. फ्रिजमध्ये गेला, एसीमध्ये गेला, केसांवर मारायच्या फवाऱ्यांत गेला, गाद्यांच्या आणि फ्रिजच्या भिंतींतल्या फेसात गेला, इलेक्ट्रॉनिक सुटे भाग धुवायला वापरला गेला. मुलांच्या खोलीशेजारी ठेवता येईल असा फ्रिज लोकांना पहिल्यांदा मिळाला. ही गोष्ट खरोखर मोठी होती आणि तिचं श्रेय मिजलीला द्यायलाच हवं.

आता माझी एक आठवण सांगतो. १९८४ साल, मी पाचवीत. हेच वाईचं घर, तेव्हा आमच्याकडे फिकट हिरव्या रंगाचा जाडजूड फ्रिज होता, अख्ख्या आळीत दुसराच. तो बिघडला, मेकॅनिक काका आले, त्यांनी फ्रिज मागच्या अंगणात ओढून घेतला आणि कानशीने एक तांब्याची नळी कापली. फुस्सऽऽ! बराच वेळ आवाज येत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. वास नाही, धूर नाही, काहीच दिसलं नाही. काकांना मी विचारलं, गॅस गेला कुठे? ते हसून म्हणाले, "कुठे जातोय, हवेत!"

तेव्हा सगळे मेकॅनिक तसंच करत, जगभर. त्यांचा काही दोष नव्हता, सगळ्यांना तो वायू निरुपद्रवीच वाटत होता. पण त्या 'फुस्स'ची गोष्ट अजून संपलेली नाही. त्या दिवशी अंगणातून गेलेल्या वायूपैकी सुमारे दोन तृतीयांश अजूनही आपल्या डोक्यावर आहे. चाळीस वर्षांनंतरही!

असं का? कारण मिजलीच्या वायूचा सगळ्यात मोठा गुणच त्याचा सगळ्यात मोठा अवगुण निघाला. तो कशाशीच भांडत नाही. पावसात विरघळत नाही, उन्हात तुटत नाही, हवेतल्या कुठल्या रसायनाशी त्याची गट्टी जमत नाही. मग तो करतो काय? तरंगत राहतो. वर्षानुवर्षं तरंगत वर, आणखी वर जातो. आणि तिथे, जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर, ओझोन असतो.

ओझोन म्हणजे ऑक्सिजनच. आपण श्वासात घेतो त्यात ऑक्सिजनचे दोन अणू हातात हात घालून असतात, ओझोनमध्ये तीन. सूर्याकडून येणारे अतिनील किरण, ज्यांनी कातडी भाजते, डोळ्यांत मोतीबिंदू होतो, शेतातली रोपंही दुखावतात, ते बहुतेक सगळे हा ओझोन वरच्या वर अडवतो. तो किती असेल? वरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीवर पसरला तर थर होईल जेमतेम ३ मिलिमीटर. आईच्या हातच्या पातळ भाकरीएवढा! सगळी पृथ्वी त्या भाकरीच्या सावलीत उभी आहे.

मारिओ मोलिना हा मेक्सिकोचा मुलगा. लहानपणी त्याने घरातल्या एका न्हाणीघराची प्रयोगशाळा करून टाकली होती. मोठेपणी तो कॅलिफोर्नियात शेरवुड रोलंड यांच्याकडे काम करायला गेला आणि त्या दोघांनी मी अंगणात विचारलेला प्रश्नच विचारला: हा वायू जातो कुठे? १९७४ साली त्यांनी उत्तर छापलं. वर गेलेल्या सीएफसीला तिथले तिखट अतिनील किरण फोडतात. फुटला की त्यातून क्लोरीनचा अणू सुटतो. आणि हा क्लोरीन ओझोनशी खेळतो लगोरी. तीन दगडांची लगोरी उभी आहे, चेंडू आला, एक दगड घेऊन गेला, लगोरी मोडली. पुढच्याच क्षणी चेंडूने तो दगड कुठेतरी टाकला आणि मोकळा होऊन पुढच्या लगोरीकडे निघाला. चेंडू फुटत नाही, दमत नाही. क्लोरीनचा एक अणू असा तब्बल एक लाखापर्यंत ओझोनचे रेणू मोडू शकतो.

पुष्कळांनी तेव्हा खांदे उडवले. कागदावरचं गणित आहे, म्हणाले. पण अंटार्क्टिकावर हॅली नावाच्या ब्रिटिश केंद्रात जो फार्मन यांचे सहकारी वर्षानुवर्षं, कुडकुडत, डोक्यावरचा ओझोन मोजत होते. दर ऑक्टोबरला आकडा घसरायला लागला. त्यांना आधी वाटलं, उपकरण जुनं झालंय. नवं आणलं. तेही तेच सांगू लागलं. मे १९८५ मध्ये त्यांनी जगाला कळवलं: तिथल्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास, ओझोन फारच घटतो. ओझोनचं छिद्र म्हणतात ते हेच. म्हणजे मी अंगणात टाळ्या वाजवत होतो, त्याच सुमारास ही माणसं बर्फात उभी राहून ते आकडे लिहीत होती. हे लक्षात आल्यावर माझ्या पोटात काहीतरी हललं होतं, अजून हलतं.

(ओझोन मोजण्याच्या कामात आपणही मागे नव्हतो बरं का! अ‍ॅना मणी नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी पुण्याच्या हवामान खात्यात उपकरणं बनवली. फुग्याला बांधून वर सोडायचं आणि ओझोन मोजायचं भारतीय यंत्र त्यांच्या पुढाकाराने घडलं, तेही अंटार्क्टिकावरच्या छिद्राची कुणाला कल्पना येण्याच्या कितीतरी आधी. त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळा लेखच लिहायला हवा.)

मग मात्र जग झटपट हललं. १६ सप्टेंबर १९८७ रोजी कॅनडातल्या माँट्रिअल शहरात देश एकत्र बसले आणि सीएफसी हळूहळू कमी करायचा करार झाला. म्हणून तर १६ सप्टेंबरला ओझोन दिन असतो. भारत १९९२ मध्ये त्यात आला. आपल्यासारख्या देशांना जास्त मुदत आणि नव्या यंत्रांसाठी पैशांची मदत, असं ठरलं. हे ठरणं मला फार न्यायाचं वाटतं, कारण आभाळात सीएफसी सोडण्यात आपला वाटा थोडा होता. आज जगातला प्रत्येक देश या करारात आहे. प्रत्येक!

करार झाला, पण फ्रिजमध्ये आता घालायचं काय?

इकडे आमच्या स्वयंपाकघरात दादाने फ्रिज भिंतीपासून ओढला होता. भाची खाली वाकून कॉम्प्रेसरवरची पट्टी वाचत होती. "मामा, इथे आर ६००ए लिहिलंय. ४५ ग्रॅम. आणि हा आगीचा पिवळा त्रिकोण का आहे?"

दादा म्हणाला, "पूर्वी आर १२ असायचा. मग आर १३४ए आला. आता हा."

भाचीला कोडी फार आवडतात, म्हणून मी तिला या आकड्यांची गुप्त लिपी शिकवली. तुम्हीही वही-पेन्सिल घ्या. 'आर' म्हणजे फ्रिजमध्ये खेळणारा वायू, रेफ्रिजरंट. पुढच्या आकड्यात ९० मिळवायचे. १२ अधिक ९० किती? १०२. आता एकेक अंक वाचा: कार्बन १, हायड्रोजन ०, फ्लुओरिन २. कार्बनला चार हात असतात. दोन हात फ्लुओरिनने धरले, उरलेले दोन कुणी धरले? ते नेहमी क्लोरीनचे! म्हणजे आर १२ मध्ये दोन क्लोरीन. दोन लगोरी फोडणारे चेंडू. हाच मिजलीचा वायू, हाच माझ्या अंगणातला.

आता एसीमधला जुना आर २२ बघा. २२ अधिक ९० म्हणजे ११२. कार्बन १, हायड्रोजन १, फ्लुओरिन २. तीन हात गेले, एक उरला, एक क्लोरीन. शिवाय हायड्रोजन असल्यामुळे हा खालच्या हवेतच बराचसा तुटतो, म्हणून ओझोनला त्रास कमी. कमी, पण आहेच.

आता आर १३४ए. भाचीने स्वतः सोडवलं. १३४ अधिक ९० म्हणजे २२४. कार्बन २, हायड्रोजन २, फ्लुओरिन ४. दोन कार्बनचे हात आठ, त्यातला एकेक हात एकमेकांना धरलेला, म्हणजे उरले सहा. दोन आणि चार सहा. "क्लोरीनला जागाच नाही!" ती नाचायलाच लागली.

मीही तेव्हा असाच खूश झालो होतो. नव्वदच्या दशकात फ्रिज आणि गाड्यांचे एसी भराभर १३४एवर गेले, ओझोनला धक्का लागेना. पण आभाळात दुसरंही एक काम चालतं. पृथ्वीची ऊब धरून ठेवायचं. त्यात या वायूने गडबड केली. एक किलो १३४ए शंभर वर्षांत जेवढी उष्णता अडवून ठेवतो तेवढी अडवायला सुमारे १,४०० किलो कार्बन डायऑक्साइड लागेल. जुना आर १२ तर १०,००० पटींच्या घरात! म्हणजे चटका कमी झाला, पण गेला नाही. फ्रिजमधला शंभर ग्रॅम १३४ए हवेत गेला, तर तो जवळपास १४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखंच.

"मग हा ६००ए?" भाचीने ९० मिळवले आणि ६९० आल्यावर गोंधळली. तिचं बरोबरच होतं. हा वायू आयसोब्युटेन. त्यात कार्बन ४ आणि हायड्रोजन १०. आता दहा कसे मावणार एका अंकात? म्हणून त्याला ६०० च्या वेगळ्या रांगेत बसवलंय. पण त्याचा धाकटा भाऊ सूत्रात बसतो: आर २९०. करून बघा. २९० अधिक ९०, ३८०. कार्बन ३, हायड्रोजन ८, फ्लुओरिन शून्य. तीन कार्बनचे मोकळे हात आठच, आठही हायड्रोजनने धरलेले. क्लोरीन नाही, फ्लुओरिन नाही. हा प्रोपेन! आणि प्रोपेन नि ब्युटेन कुठे असतात सांगा बरं?

भाचीने शेगडीकडे पाहिलं, मग टेबलाखालच्या लाल सिलिंडरकडे. "म्हणजे... फ्रिजमध्ये स्वयंपाकाचा गॅस आहे?"

अगदी तोच नाही, पण घरातलाच. एकाच कुळातला. म्हणून तो पिवळा त्रिकोण, म्हणून उघड्या खिडक्या, म्हणून शांत केलेली समई. शिवाय सिलिंडरमधल्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास लावलेला असतो, फ्रिजमधल्याला तो नसतो. म्हणून दादा इतका जपून वागत होता.

पेटणारा वायू घरातल्या फ्रिजमध्ये घालायचं धाडस केलं कुणी? ही गोष्ट मला सगळ्यात आवडते.

जर्मनीत डॉर्टमुंड शहरातल्या आरोग्यसंस्थेत हॅरी रोझिन आणि हान्स प्रायझेनडान्झ या दोघांनी प्रोपेन-ब्युटेनच्या मिश्रणावर फ्रिज चालवून पाहिला होता. छान चालत होता. पण मोठ्या कंपन्या ऐकेनात. तेव्हा पूर्व आणि पश्चिम जर्मनी नुकत्याच एक झाल्या होत्या आणि पूर्वेकडचे जुने कारखाने एकामागून एक बंद पडत होते. सॅक्सनी प्रांतातल्या शार्फेनस्टाइन गावचा फ्रिजचा कारखानाही त्याच वाटेवर होता. १९९२ मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने या दोन टोकांची गाठ घालून दिली: कुणाला नको असलेली कल्पना आणि बंद पडू घातलेला कारखाना. दहा फ्रिज बनवून द्या, म्हणाले. कारखान्याने बनवले. इतर कंपन्यांनी दुकानदारांना सावध केलं, हा फ्रिज धोकादायक आहे, याचा स्फोट होईल. लोकांनी मात्र काही महिन्यांत हजारोंच्या संख्येने मागणी नोंदवली, आणि १९९३ मध्ये 'ग्रीनफ्रीझ' पद्धतीचे फ्रिज दुकानांत आले. थोड्याच वर्षांत, विरोध करणाऱ्या कंपन्यासुद्धा तसेच फ्रिज बनवू लागल्या. या पद्धतीला ग्रीनपीसने कुलूप लावलं नाही, पेटंट घेऊन पैसे मागितले नाहीत. ज्याला हवं त्याने शिकावं आणि बनवावं. आज जगभरच्या घरांत असे कोट्यवधी फ्रिज आहेत. तुमच्या घरातही असेल, पट्टी वाचून बघा. (फ्रिज स्वतः ओढू नका, मोठ्यांना सांगा. पुष्कळदा हा आकडा आतल्या भिंतीवरच्या चिकटपट्टीवरही असतो.)

स्फोटाचं काय मग? गणित करू. आमच्या फ्रिजमध्ये वायू ४५ ग्रॅम. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो, म्हणजे १४,२०० ग्रॅम. एका सिलिंडरएवढ्या वायूत आमच्यासारखे तीनशेहून जास्त फ्रिज भरतील! शेगडीशेजारचा तो सिलिंडर आपण रोज बिनघोर वापरतो, कारण त्याचा धोका आपल्याला माहीत आहे आणि त्याच्याशी कसं वागायचं हेही. फ्रिज बनवणाऱ्यांनीही तसंच केलं. वायू कमीत कमी घातला. ठिणगी पडू शकेल अशी बटणं बंदिस्त केली, नाहीतर वायू साचेल तिथून हलवली. जिथे वायू भरतात त्या कारखान्यांत गळती हुंगणारी यंत्रं आणि मोठे पंखे बसवले. मिजलीने एवढंच पाहिलं होतं, की हा वायू खोलीत सुरक्षित आहे का. रोझिन यांनी खोलीबरोबर आभाळही मोजलं.

आणि हा वायू चुकून सुटलाच, तर? भाचीने नेमका हा प्रश्न दादाला विचारला, कारण नळी कापताना उरलासुरला वायू त्याने लांब पाइपने खिडकीबाहेर सोडला होता. "दादा, ओझोनला भोक पडेल ना!" दादा क्षणभर गोंधळला. उत्तर मी दिलं. हा वायू भांडखोर आहे, मिजलीच्या वायूसारखा गप्प राहणारा नाही. खालच्या हवेतच तो काही दिवसांत तुटून जातो. ओझोनपर्यंत पोचायला त्याला सवडच मिळत नाही आणि पोचला तरी त्याच्याकडे क्लोरीनचा चेंडू नाही.

पुण्याहून वाईला येताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे शिरवळ लागतं. तिथे गोदरेजचा फ्रिजचा कारखाना आहे. भारतात हायड्रोकार्बनचे, म्हणजे या कुळातल्या वायूंचे फ्रिज सुरुवातीला ज्यांनी आणले त्यांत ही कंपनी होती. २०१२ मध्ये तिने आर २९०वर, म्हणजे आपल्या ३८० वाल्या प्रोपेनवर, चालणारे घरगुती एसी बाजारात आणले. एसीचं काम फ्रिजपेक्षा अवघड, कारण त्यात वायू जास्त लागतो आणि तो भिंतीवर बसवताना नळ्या जोडाव्या लागतात. म्हणून एसी बसवणाऱ्या माणसाला नीट शिकवलेलं असणं फार गरजेचं. आजच्या बहुतेक एसींमध्ये आर ३२ असतो. लिपी लावा: १२२. क्लोरीन नाही, पण ऊब धरायची खोड अजून आहे, सुमारे ६७५ पट. तिथलं काम अर्धंच झालंय. म्हणून तर २०१६ मध्ये रवांडाच्या किगाली शहरात देश पुन्हा बसले आणि असे ऊब धरणारे वायूही कमी करायचं ठरवलं. भारतानेही ते २०२१ मध्ये मान्य केलं.

बाकीच्या जागांवर काय काय आलं, ते पळत पळत सांगतो. फ्रिजच्या भिंतीतल्या फेसात आता सायक्लोपेंटेन असतो. डिओच्या डब्यात प्रोपेन-ब्युटेन, म्हणून त्यावर आगीचं चित्र. दम्याच्या काही इनहेलरमध्ये तर वायूच नको, औषधाची कोरडी पूड श्वासानेच ओढायची. इलेक्ट्रॉनिक पट्ट्या धुवायला साबणपाणी, आणि काही ठिकाणी संत्र्याच्या सालीतल्या तेलापासून केलेले द्रव. संत्रं सोलताना डोळ्यात उडून झोंबतं ना, तेच तेल! बर्फाच्या कारखान्यांत आणि डेअऱ्यांमध्ये जुना अमोनिया कधी गेलाच नव्हता. तिथे शिकलेली माणसं असतात, यंत्रं घरापासून लांब असतात, आणि अमोनिया ओझोनला नि हवामानाला काहीही करत नाही. युरोप-जपानमधल्या मोठ्या दुकानांच्या थंड कपाटांत तर चक्क कार्बन डायऑक्साइड खेळतो. त्याचं नाव आर ७४४. ही लिपी निराळी: ७४४ मधून ७०० काढले की राहिले ४४, ते त्याचं रेणुवजन. मग आर ७१७ कोण? हे तुम्ही शोधा. ज्याचं रेणुवजन १७, तो. नाव या परिच्छेदातच आलंय.

आमच्या स्वयंपाकघरात दादाने गळती शोधली. नळ्यांत नायट्रोजन भरला, सांध्यांवर साबणाचा फेस लावला, एका कोपऱ्यात बारीक बारीक बुडबुडे फुटू लागले. तो तुकडा काढून नवी नळी त्याने ज्योतीशिवाय, दाबून बसवायच्या कडीने जोडली. अर्धा-पाऊण तास पंप लावून नळ्या रिकाम्या केल्या. मग चहापत्तीच्या डब्याएवढा वायूचा डबा छोट्या डिजिटल काट्यावर ठेवला. भाचीने आकडा वाचायचं काम घेतलं. काट्यावरचा आकडा उतरत चालला, आणि डब्यातून किती ग्रॅम गेले ते ती मोठमोठ्याने मोजत होती. "चाळीस... त्रेचाळीस... पंचेचाळीस! बास दादा, बास!"

आमचा जुना हिरवा फ्रिज मोडीत गेला त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. त्याच्या भिंतीतल्या फेसातही सीएफसी होता. भंगारात तो फेस फोडला गेला असेल, आणि तो वायूही वरच गेला असेल. हे मी भाचीला सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. तिने विचारलं, "मग भोक बुजणार कधी?" शास्त्रज्ञांचा अंदाज सांगितला: आताचे नियम पाळत राहिलो तर बहुतेक जगावरचा ओझोन २०४०च्या आसपास १९८० सालासारखा होईल. अंटार्क्टिकावर मात्र साधारण २०६६ उजाडेल. तिने बोटांवर मोजलं. "तेव्हा मी आईपेक्षासुद्धा मोठी असेन," म्हणाली आणि थोडा वेळ गप्प बसली.

दादा पैसे घेऊन गेला. आईने उंबऱ्यात येऊन विचारलं, "आता लावू का ग दिवा?" भाचीने स्वयंपाकघरात जाऊन एकदा सगळीकडे पाहिलं, खिडक्या अजून उघड्याच आहेत याची खात्री केली आणि म्हणाली, "थांब आजी, दहा मिनिटं." दहा मिनिटांनी तिनेच काडेपेटी आणून दिली. समई लागली. फ्रिज घूंऽऽ करत होता. बाजूच्या भिंतीला तिने हात लावला, ऊब आली होती. रात्री जेवणं झाल्यावर तिने बर्फाचा कप्पा उघडून ट्रेमध्ये बोट घातलं. कडेकडेने बर्फ धरायला लागला होता.